सुरेंद्रचा हिस्सा

बेलबोडीच्या पाळीला लागून माझं सायकलचं दुकान आहे. बोडी म्हणजे आमच्याकडे लहान तलाव आणि पाळ म्हणजे त्याचा मातीचा बांध. नवीन आलेले लोक गावाला चंद्रपूर म्हणतात, म्हणू देत बापडे. मी चांदाच म्हणतो. गुणाबाई ढिवरीणीचं काय ते खरं सांग, असं कोणी म्हटलं की मी आधी चिडतो. विचारणारा नव्वद टक्के हसायला आलेला असतो. पण तुम्ही बसलाच आहात तर ऐका. मधे मधे हूं हूं करू नका.

गुणाबाई सकाळी मुरमुरे-फुटाणे विकायची आणि संध्याकाळी मासळी. तोंडाची इतकी फटकळ की सराफा लाइनीतले शेटजीसुद्धा तिच्याशी भाव करताना आधी इकडेतिकडे पाहून घेत. मला ती "पंपवाला" म्हणायची. "का गा पंपवाल्या, हवा चाकात भरतं का डोक्यात?" असं भर रस्त्यात. मी उलट बोललो की दोन मुठी फुटाणे हातावर ठेवायची आणि पैसे घ्यायची नाही. तिचा नवरा मनसाराम हा बोडीचा पाणकर होता. बोडीच्या तळाशी पाणी सोडायचं दगडी भोक असतं, त्याला तुडूम म्हणतात. ते उघडायचा मान पाणकराच्या घरचा. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. मनसाराम साप चावून गेला, मान मुलाकडे आला. मुलाचं नाव सुरेंद्र.

सुरेंद्र अठ्ठ्याऐंशीच्या पावसाळ्यात गेला. गेला म्हणजे काय झालं, तेच तर कोणाला ठाऊक नाही. बोडी तुडुंब भरली होती, जाळं तुडुमापाशी अडकलं, आणि हा सोडवायला उतरला असं म्हणतात. पाळीवर त्याचा सदरा आणि चपला होत्या. प्रेत वर आलं नाही. तिसऱ्या दिवशी नाही, आठव्या दिवशी नाही. मग लोकांच्या तोंडाला काय, कोणी म्हणालं आलापल्लीच्या लाकूड डेपोत दिसला, कोणी म्हणालं गोंडपिपरीच्या बाजारात. एकाने तर शपथ घेतली की तो जंगलातल्या लोकांत सामील झाला.

ढिवर म्हणजे आमच्याकडचे मासेमार. त्यांची एक रीत आहे, ती कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. सगळ्यांनी मिळून जाळं ओढलं की मासळीचे सारखे ढीग करतात. एक म्हातारा ढिगांकडे पाठ करून बसतो. दुसरं कोणी एकेका ढिगावर हात ठेवून विचारतं, "हा कोनाचा?" आणि पाठमोरा म्हातारा एकेक नाव घेतो. ज्याच्या वाट्याला जे आलं ते आलं, कुरकुर नाही. एकदा तोंडातून गेलेलं नाव मागे घेता येत नाही, आणि दुसऱ्याच्या हिश्श्याला हात लावायचा नाही. आणखी एक. जो पाण्यात गेला आणि वर आला नाही, त्याचं नाव जाळ्यातून कमी होत नाही. त्याचाही हिस्सा निघतो.

आमच्या बोडीवर पाठ करून बसायचा तो पोचूबुवा, आणि ढिगावर हात ठेवायची ती गुणाबाई. शेवटच्या ढिगाला पोचूबुवा म्हणायचा, "सुरेंद्रचा." गुणाबाई तो हिस्सा तुडुमाजवळच्या सपाट दगडावर ठेवायची, वर पळसाचं पान, पानावर गोटा. मग पाण्याकडे तोंड करून हाक मारायची, "सुरेंद्राऽऽ, हिस्सा घे गाऽऽ." माझ्या हातातला पाना दर वेळी थांबायचा. हजारदा ऐकली तरी सवय होईल अशी ती हाक नव्हतीच.

सकाळी मासळी नसायची. तुम्ही म्हणाल कुत्री. मीही म्हणायचो. पण पान उलटं करून, त्याच्यावर गोटा परत नीट ठेवून जाणारं कुत्रं मला दाखवा.

अशी अकरा वर्षं गेली, आणि तोवर बोडीची पार वाट लागली. वस्तीची नाली तिच्यात, बाजाराचा सडका भाजीपाला तिच्यात, खाणीकडच्या ट्रकांची धुणी तिच्यात, गणपती तिच्यात, दुर्गा तिच्यात, आणि माझ्या दुकानातलं काळं तेलही तिच्यातच. कोणा एकाकडे बोट दाखवायची सोय नव्हती. पाण्यावर हिरवी साय धरली. भोवतालच्या विहिरी नासल्या. नव्याण्णवच्या जानेवारीत वस्तीत कावीळ शिरली आणि माझी पोरगी आचल पिवळी पडून दवाखान्यात गेली.

तेव्हा शाळेच्या मुख्याध्यापिका पुनमबाईंनी सगळ्यांना एका खोलीत बसवून समिती केली. नगरपालिकेचा तरुण इंजिनिअर आदेश होता, पुण्याकडून शिकून आलेला, सभ्य पोरगा. खाणीचा फोरमन हेमराज होता, बाजारातले दुकानदार होते, ढिवर सोसायटीचे लोक होते, आणि नागरिक म्हणून मी. माझ्याइतका भांडखोर नागरिक दुसरा सापडला नसावा. बोडी पूर्ण रिकामी करायची, गाळ काढायचा, नालीचं तोंड वळवायचं, एवढं पहिल्याच दिवशी ठरलं. खाण ट्रॅक्टर देणार, नगरपालिका आखणी आणि डिझेल, शाळा पोरं, बाजार जेवण. पण तुडूम उघडल्याशिवाय यातलं काहीच होणार नव्हतं, आणि पाणकराच्या घरात उरली होती एकटी गुणाबाई.

ती सरळ म्हणाली, "नाई."

आदेशने तिला रोगाचं सांगितलं, पाण्याचं सांगितलं, सोसायटीला नवं मत्स्यबीज मिळेल तेही सांगितलं. ती ऐकत होती, पदराच्या टोकाला गाठ मारत होती, सोडत होती.

"साहेब, माहा पोरगा पान्यात हाय," ती म्हणाली. "पान्यात हाय म्हून हाय. पानी सोडलं आनि तो तिथी नसला, तर मंग कुठी हाय? आनि असला, तर मंग… तुमीच सांगा, मी काय पाहू?"

माझं डोकं फिरलं. मी ओरडलो, "तुह्या पोराची हाडं राखाले माही पोरगी मरू देऊ का?" नंतर मला इतकी लाज वाटली की दोन दिवस मी दुकानच उघडलं नाही.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो तर आचलच्या खाटेवर गुणाबाई बसलेली. मुरमुऱ्यांची पातळ पेज चमच्याने भरवत होती आणि पोरीला सांगत होती, तुह्या बापाच्या डोक्यातली हवा कमी कर. माझ्याकडे न पाहता ती म्हणाली, "डोये पाह्यले मी हिचे. हळदीवानी झाले." पोरीला आणखी एक चमचा भरवला. "सोडते मी पानी. पन कामाची वाटनी आमच्या रीतीनं होईन. तुमच्या साहेबाले सांगजो."

तिने तुडूम उघडलं त्या दिवशी अर्धं गाव पाळीवर होतं. कंबरभर पाण्यात उभी राहून तिने लाकडी दट्ट्या हलवला, आणि तळातून असा आवाज आला की पोरं आयांना बिलगली. मोठी मासळी ढिवरांनी दुसऱ्या बोडीत नेऊन सोडली. पाणी रोज उतरत होतं. काय काय वर आलं सांगू? सायकलची चाकं, देवांचे हात, एक आख्खी बैलगाडी, शेकडो चपला. गुणाबाई दररोज पाळीवर बसून प्रत्येक वस्तूकडे पाहायची. कोणी काही उचललं की ती उठून उभी राहायची, ते मला दुकानातून दिसायचं. हाडं निघाली नाहीत. शेवटी तुडुमासमोरचा गाळ तेवढा उरला, पुरुषभर खोल, काळाभोर आणि दमट. सगळ्यांना एकच वाटत होतं, असेल तर इथेच आहे.

आदेशने बोडीच्या पोटात बांबू रोवून तुकडे पाडले. नालीच्या तोंडाचा तुकडा कोणालाच नको होता, त्यावरून दुकानदार आणि खाणवाले हातघाईवर आले. तेव्हा गुणाबाईने पोचूबुवाला बेलाच्या झाडाखाली आणून बसवलं, बोडीकडे पाठ करून. ती पहिल्या बांबूवर हात ठेवून ओरडली, "हा कोनाचा?"

"खानवाल्याईचा."

"हा?"

"शाळेचा."

"हा?"

"बाजारवाल्याईचा." हा नेमका नालीचा निघाला. सगळे हसले, दुकानदारही हसले, आणि भांडण तिथेच मिटलं. नगरपालिकेचा झाला, ढिवरांचा झाला, आम्हा वस्तीवाल्यांचा झाला. राहिला तुडुमासमोरचा. तोही ढिवरांकडेच द्यायचा असं आधी ठरलं होतं. गुणाबाईने बांबूवर हात ठेवला. "हा कोनाचा?"

आणि पोचूबुवा, अकरा वर्षांच्या जिभेच्या सवयीने, म्हणाला, "सुरेंद्रचा."

कोणाच्या तरी हातातलं घमेलं पडलं. पोचूबुवाने स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. आदेश हसायचा प्रयत्न करत म्हणाला, "बुवा, चुकून गेलं, परत सांगा." ढिवरांपैकी एकही हसला नाही. पोचूबुवा हळूच म्हणाला, "तोंडातून गेला साहेब. आता तो त्याचाच." गुणाबाईचा हात बांबूवर तसाच होता.

झालं. त्या तुकड्याला कोणी हात लावेना. बाकीचं काम सुरू झालं, सकाळी उजाडल्यापासून ऊन चढेपर्यंत आणि परत चार वाजल्यानंतर. मधल्या वेळी चांद्याच्या उन्हात माणूस काय, कावळाही दिसत नाही. आठ-दहा दिवस नुसता उत्साह होता. मग नेहमीचं सुरू झालं. ट्रॅक्टर येईना, शाळेच्या परीक्षा निघाल्या, दुकानदार फोटोपुरते यायला लागले. मी रोज पाळीवर उभा राहून शिव्या देत होतो आणि स्वतःचं घमेलंही कमीच उचलत होतो. अशीच पाच-सहा आठवडे बोडी पडून राहिली असती तर पावसाळा अंगावर आला असता आणि तो उकरलेला चिखल आदल्या घाणीपेक्षा वाईट झाला असता.

अशात एका दुपारी चार वाजता आम्ही पोचलो तर सुरेंद्रच्या तुकड्यातून गाळाची एक पट्टी सरळ कापून निघालेली होती. गाळ पाळीवर नीट रचलेला होता. ढिगावर पळसाचं पान, उलटं. पानावर गोटा.

गुणाबाई त्या दिवशी गावात नव्हती, शेजारणींबरोबर मार्कंड्याला देवदर्शनाला गेली होती, दुसऱ्या दिवशीच्या बसने आली. पोचूबुवा ऊन लागून खाटेवर होता. बाकी ढिवरांना तर त्या गाळाकडे पाहायचीही भीती.

दुसऱ्या दिवशी काय झालं असेल? खाणीचा ट्रॅक्टर सकाळी सकाळी हजर. हेमराज स्वतः उतरला, रुमालाने मान पुसत मला म्हणाला, "पत्रूभाऊ, मेलेला मानूस आपला हिस्सा करून राह्यला, आनि आमी जिते बसून राह्यलो. माह्यानं रात्री जेवन गेलं नाई." दुकानदार आले, आपापले नोकर घेऊन आले. पुनमबाईंनी परीक्षा संपलेले वर्गच्या वर्ग आणले. आणि रोज चार वाजता सुरेंद्रच्या तुकड्यातली एकेक पट्टी कमी झालेली असायची. कोणी त्याबद्दल मोठ्याने बोलत नव्हतं. जो तो तिकडे एकदा पाहायचा आणि मान खाली घालून खणायला लागायचा.

गुणाबाई तर उजळून निघाली. "भर उन्हाचा काम करून राह्यला पोरगा," म्हणायची, आणि मडकीत आंबील भरून तुडुमाच्या सावलीत ठेवून जायची. संध्याकाळी मडकी रिकामी. तिचं ते हसणं पाहून मला उन्हाचीसुद्धा थंडी वाजायची, खोटं कशाला बोलू. पण एक प्रश्न सुटत नव्हता. खणणारा सुरेंद्र असेल, तर तो खणतोय काय? स्वतःलाच?

शेवटी एका भर दुपारी मी डोक्याला ओला पंचा गुंडाळून निघालो. पाळीवर चिटपाखरू नाही. सगळी बोडी वाफेत हलत होती. आणि तुडुमाच्या खड्ड्यात खरंच एक माणूस वाकून खणत होता, डोकं-तोंड बांधलेलं. कुदळीचा आवाज येत होता, धप्प, धप्प. मी किंचाळलो. त्याने वर पाहिलं आणि तोही किंचाळला.

आदेश होता.

दोघंही बेलाखाली बसून किती तरी वेळ धापा टाकत होतो. मग तो ओशाळून म्हणाला, "पत्रूभाऊ, काम परत थांबू नये म्हणून केलं हो. मी आज आणि मागच्या मंगळवारी, दोनच दिवस. बाकी तुम्हीच करताय असं वाटलं मला."

"मी? मी तं आज पह्यल्यांदा आलो!"

मग आम्ही एकेकाला बाजूला घेऊन विचारलं. हेमराजने एका दुपारची कबुली दिली आणि पाया पडला, कोणाले सांगू नका म्हणून. पुनमबाई दोन दुपारी आल्या होत्या, छत्री घेऊन, साठीला टेकलेल्या बाई! नालीवाल्या दुकानदाराने एक पट्टी काढली होती. जो तो एकटा आला होता, बाकी दिवस सुरेंद्र करतो, एखादा दिवस आपणही करावा, अशा विचाराने. सगळ्या पट्ट्यांना धनी मिळाला. पहिल्या पट्टीला मिळाला नाही. सगळ्यांनी लेकराबाळांची आण घेतली. आंबील कोण पितं तेही कोणी सांगितलं नाही. आदेश तर म्हणाला, "मी मडकीकडे पाहिलंही नाही, भीती वाटायची."

गुणाबाईला आम्ही काही बोललो नाही. पण ती काय मूर्ख होती? कोणती पट्टी कोणाची ते तिच्या कानावर गेलंच होतं. शेवटचा हातभर गाळ उरला तेव्हा तिने स्वतः कुदळ मागितली. सगळं गाव पाळीवर उभं होतं. ती खणत खणत खाली गेली, मग कुदळ टाकून हातांनी उपसायला लागली. तळाचा जुना दगड लागला. तिने तो पदराने पुसला, कोपऱ्यांतून बोटं फिरवली, तुडुमाच्या भोकात खांद्यापर्यंत हात घातला. काही नव्हतं. हाड नाही, करदोडा नाही, काही म्हणजे काही नाही.

ती तिथेच खाली बसली. इतक्या हळू बोलली की खड्ड्याच्या काठावरच्या आम्हा दोघा-तिघांनाच ऐकू आलं.

"अकरा वर्षं मी कोनाशी बोलली वो?"

आदेश रडायला लागला. मलाही आवरलं नाही. हेमराजने खाली उतरून तिला हात दिला आणि वर आणलं.

बोडी भरली. खाली दगड दिसेल असं पाणी. विहिरी गोड झाल्या, आचल बरी होऊन शाळेत गेली आणि आता तीही मला पंपवाला म्हणते. समिती मोडली नाही. दर उन्हाळ्यात पोचूबुवा पाठ करून बसतो, वाटणी होते, ज्याचा तो गाळ काढतो, आणि शेवटचा एक तुकडा सुरेंद्रच्या नावाने निघतो. तो दरवर्षी होतो. कोण करतं ते विचारायचं नाही असं न ठरवता ठरलंय.

पण पुढच्या वर्षीच्या पहिल्या जाळ्याचं सांगायचं राहिलं. मासळीचे ढीग पडले. शेवटच्या ढिगावर गुणाबाईने हात ठेवला, "हा कोनाचा?" आणि पोचूबुवा गप्प.

"बोल ना बुवा."

"बाई, आता… पान्यात नोयता ना तो."

"पान्यात नोयता म्हून कुठीतरी हाय," गुणाबाई म्हणाली. "पह्यल्या दिवशी कोन खनलं? सांगा कोनीबी. आईले टाकून गेलेला पोरगा, आईचं काम अडलं तवा आला असन. एक पट्टी खनली, लाजला, गेला. ठेव हिस्सा."

तिने हिस्सा दगडावर ठेवला, पान, पानावर गोटा. सकाळी मी मुद्दाम जाऊन पाहिलं. पान उलटं होतं.

त्या दिवसापासून ती पाण्याकडे तोंड करून हाक मारत नाही. पाळीवर उभी राहते, बोडीकडे पाठ करते आणि माझ्या दुकानासमोरच्या सडकेकडे पाहून ओरडते, "सुरेंद्राऽऽ, हिस्सा घे गाऽऽ." त्याच वेळी खाणीची शिफ्ट सुटते आणि सडकभर सायकली असतात. त्यातला एखादा तरी दचकून ब्रेक दाबतो आणि मागे वळून पाहतो. गुणाबाई खाली उतरून त्याच्यापाशी जाते, हँडल धरून त्याचं तोंड नीट न्याहाळते. मग हँडल सोडते आणि म्हणते, "जा गा बाप्पा, घरी वाट पाहून राह्यले असतीन. तो तू नाई."